अटकेची तारीख

फाल्गुनात गहू पिकून उभा राहिला की टेंभरोळीत कामाला माणूस मिळत नसे. पांझरेच्या पाटावर भिजणारा सगळा फड एकदम पिवळा पडायचा, आणि कापणीला एक दिवस उशीर झाला तरी दाणा ओंबीतून गळायला लागायचा. अशा घाईच्या दिवसांत, एका सोमवारी न्याहारीच्या वेळेला, तालुक्याचे फौजदार घोड्यावरून गावात आले. मागं एक जमादार आणि तीन शिपाई पायी होते. घोडा चावडीपुढच्या निंबाला बांधला गेला, आणि पोलीस पाटील कौतिक पागोटं गुंडाळत घरातून बाहेर धावला.

चावडी आणि पाटलाचं घर यांच्यात मातीची एकच भिंत होती. त्याच भिंतीला लागून धुरपदाबाईची चूल. कौतिकची बायको म्हणून ती या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं चावडीवरचं बोलणं तिच्या कानावर पडत आलं होतं. सारा, कोंडवाडा, बांधाची भांडणं. स्वयंपाक करता करता ती ते ऐकायची आणि सोडून द्यायची.

कौतिक लगेच परत आला. "पाच जननं जेवन कर," तो म्हणाला. "साहेबले कोंबडी लागस. अन् पुनाले वावरमातून बलाव."

"पुनाले कसाले?"

"चौकशी शे."

पुना त्यांचा सालदार. गावाबाहेरच्या भिलाटीत राहायचा, सात वर्षं त्यांच्याच वावरात राबत होता. आठ दिवसांमागं शेजारच्या गावात चंपालाल शेठच्या घराची मागची भिंत फोडून कोणीतरी त्याच्या बायकोचे, धनकुंवरबाईचे, चांदीचे दागिने नेले होते. शेठनं थेट धुळ्याला अर्ज धाडला आणि वरून फौजदाराला कागद आला. चोरीच्या पंधरा दिवस आधी पुना त्या घरी कडब्याची गाडी खाली करायला गेला होता. त्याच्याविरुद्ध एवढीच गोष्ट होती.

"पन त्या राते तो पाटवर पानी धराले व्हता," धुरपदाबाई म्हणाली. "तुम्हीच धाडेल ना त्याले."

"सांगं मी साहेबले. साहेब म्हने, रातभर पाटवर कोन गयथा देखाले?"

पुना आला तो हातातला विळा घेऊनच. चावडीच्या पायरीवर त्यानं विळा ठेवला, पायाची माती झटकली आणि वाकून आत गेला. विळा पायरीवर तसाच पडून राहिला. दुपारी धुरपदाबाईनं तो उचलून घरात आणला.

पहिला आवाज आला तेव्हा ती कोंबडीला मसाला वाटत होती. पुरुषमाणसं सगळी वावरात गेलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. फौजदाराचा आवाज चढला नव्हता. तो काहीतरी विचारायचा, मग जरा वेळ काहीच नाही, मग ओल्या कपड्यावर धोपाटणं मारावं तसा आवाज. पुना ओरडत नव्हता. "नही मायबाप," एवढंच म्हणत होता, दर खेपेला त्याच सुरात. वरवंटा तिच्या हातात थांबला. मग बाहेरून जमादारानं हाक मारली, "वहिनी, तुपाची वाटी धाडा." ती उठली आणि तूप काढू लागली.

फौजदार पन्नाशीचा, पोटाचा दुखणाईत माणूस होता. जेवायला पाटलाच्या ओसरीवर बसला तेव्हा त्यानं कोंबडीचे दोनच घास खाल्ले आणि ताक मागितलं. "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या," तो म्हणाला. "पण आमच्या नशिबी ताक-भात." मग कौतिककडं वळून सहज म्हणाला, "पाटील, घोड्याला पाणी दाखवलं का?"

कौतिक उठला. गावाचा पाटील बादली घेऊन विहिरीवर गेला, आणि पाण्याला आलेल्या बायकांनी पदर तोंडात धरून ते पाहिलं.

सांजेला ती पुनासाठी कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत घेऊन गेली. शिपायानं आतल्या खोलीचं दार उघडलं. गावाची मापं, तुटकी साखळी आणि उंदरांनी कुरतडलेली पोती यांच्यामध्ये पुना बसला होता, हात मागं बांधलेले. एक डोळा सुजून मिटला होता. शिपायानं दोर सोडला, तेव्हा पुनानं मनगटं चोळली आणि भाकरीकडं हात केला. "अक्का," तो म्हणाला, "गहू व्हई गया का कापीसन?"

"व्हई," ती म्हणाली. "तू खाय."

मंगळवारी फौजदारानं पद्धत बदलली. बोटांच्या बेचक्यांत काठ्या घालून आवळायचं. हे तिला दिसलं नाही, पण त्या दिवशी पुना ओरडला, आणि दुपारभर ओरडत राहिला. गल्लीतल्या भिकुबाईनं दाराशी येऊन विचारलं, "काय व्हई राह्यनं वं?" धुरपदाबाई म्हणाली, "काही नही, सरकारी काम शे." म्हाताऱ्या भिकुबाईनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि ती निघून गेली.

सांजेला भाकर समोर ठेवली, तेव्हा पुनानं हात मांडीवरच ठेवले. बोटं कणसांसारखी फुगली होती, नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. त्यानं तळव्यांमध्ये भाकर धरायचा प्रयत्न केला, ती खाली पडली. शिपाई भिंतीला टेकून विडी ओढत होता. धुरपदाबाई खाली बसली. पाटलाच्या घरची बाई भिलाला घास भरवते हे कोणी पाहिलं असतं तर जन्मभर बोललं असतं. तिनं भाकर मोडली, भरिताला लावली, आणि त्याच्या तोंडाशी नेली. तो मान खाली घालून खात राहिला. त्याच्या ओठांचा तिच्या बोटांना स्पर्श झाला की दोघंही दुसरीकडं बघायची.

घरी आल्यावर तिनं कौतिकला गाठलं. तो ओसरीवर बसून पानाला चुना लावत होता. लावलेल्यावरच पुन्हा लावत होता.

"तुम्हीच सांगेल बठ्ठा गावले चावडीवर," ती म्हणाली. "बुकमातून वाचीसन. एक दिन अन् एक रातना वर मानूस पोलीसले ठेवता येस नही. साहेबपुढे उभा करना पडस."

"ते अटक करेल मानूसले."

"मंग हाऊ?"

"याले अजून अटक नही. चौकशी शे."

"दोर बांधेल शे ना त्याले!"

"दोर बांधना म्हंजे अटक नही," कौतिक म्हणाला. "कागदवर लिखनं म्हंजे अटक." त्यानं पान तोंडात टाकलं, चावलं नाही. "तू जाय. झोप."

बुधवारी पुनाची सकाळची भाकर भिकुबाईवर सोपवून ती वावरात गेली. सालदार नाही म्हणून गहू थांबणार नव्हता. जाऊन बघते तर पुनाची बायको मंजुळा आधीच वाफ्यात वाकलेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याचं साल चालू होतं, काम अंगावर होतं, म्हणून ती आली होती. दोघी शेजारी शेजारी कापू लागल्या. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्यानं विळा ओढायचा, मूठ मागं टाकायची. ऊन पाठीवर तापत गेलं. गव्हाची कुसं घामानं मानेला चिकटत होती.

दोन वाफे होईस्तोवर मंजुळा बोलली नाही. मग न थांबता, वर न बघता तिनं विचारलं, "पाटलीनबाई, तो भाकर खास का?"

"खास."

"सोताना हातघाई खास का?"

धुरपदाबाईचा विळा एक क्षण अडला. "हां," ती म्हणाली. "सोताना हातघाई."

मंजुळानं मान हलवली आणि पुढची मूठ धरली. तिला खरं वाटलं की नाही हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. दिवस मावळेपर्यंत तिनं आणखी काही विचारलं नाही. धुरपदाबाईच्या मात्र मनात दिवसभर ते 'स्वतःच्या हातानं' घोळत राहिलं, आणि संध्याकाळी तिनं पाहिलं तर तिच्या करंगळीला विळा लागला होता. कधी लागला हे तिला समजलंसुद्धा नव्हतं.

गुरुवारी सकाळी चावडीत सामसूम होती. पुना कबूल झाला होता. चोरीचा माल सापडला नव्हता, त्यामुळं त्याच्या तोंडच्या कबुलीशिवाय फौजदाराला दुसरा आधार नव्हता. पोलिसांपुढची कबुली कोर्ट मानत नाही. ती मॅजिस्ट्रेटपुढं द्यावी लागते, आणि मॅजिस्ट्रेट आधी विचारतो, तू पोलिसांच्या ताब्यात किती दिवस आहेस. म्हणून फौजदारानं अंघोळ केली, डगला घातला, आणि कौतिकला समोर बसवून मजकूर सांगितला. चुलीपाशी तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"लिहा. आज गुरुवार रोजी सकाळी सहाचे सुमारास, मौजे टेंभरोळी येथे नदीकाठी, इसम नामे पुना यास संशयावरून माझे समक्ष पकडण्यात आले. खाली सही करा. पोलीस पाटील."

बराच वेळ बोरू चालल्याचा आवाज आला नाही.

"पाटील," फौजदार शांतपणे म्हणाला, "तुमचा वतनाचा कागदही तालुक्याच्या कचेरीतच असतो."

मग बोरू कुरकुरला.

कौतिक घरात आला, रांजणातून तांब्याभर पाणी काढून उभ्यानं प्याला, आणखी एक तांब्या प्याला. त्याच्या बोटाला शाई लागली होती. "गाडीना चाकखाले हात सापडना असं सांगनं शे," तो म्हणाला, भिंतीकडं बघून. "कोनी इचारं ते."

तिनं तेलात हळद कालवली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या, आणि पुनाची बोटं बांधली. जमादारानं हरकत घेतली नाही. उलट तो म्हणाला, "बरं झालं, बांधलेलं चांगलं दिसतं." पुनाला घेऊन ते गेले तेव्हा भिलाटीच्या वाटेवर मंजुळा उभी होती. तिला जवळ येऊ दिलं नाही.

शुक्रवारी पुनानं मॅजिस्ट्रेटपुढं कबुली दिली. किती दिवस पोलिसांजवळ आहेस, असं विचारल्यावर तो म्हणाला, कालपासून. हाताचं विचारल्यावर म्हणाला, गाडीखाली आला. त्याला शिकवलं होतं तसं तो म्हणाला. मग त्याला धुळ्याच्या तुरुंगात धाडलं.

चैत्रात मंजुळा धुळ्याला चालत गेली. जायला तीन दिवस, यायला तीन. कोर्टाबाहेर ज्याच्या अंगावर काळा कोट दिसेल त्याच्या पाया पडत राहिली, आणि त्यांतल्या एकानं, उपासनी नावाच्या तरुण वकिलानं, तिचं सगळं ऐकून घेतलं. पुनानं कोर्टात कबुली फिरवली होती. मारून घेतली, असं तो म्हणाला होता. पण प्रत्येक चोर असंच म्हणतो, आणि कागदावर गुरुवार होता.

वैशाखात उपासनी वकील मोटारीनं पिंपळनेरपर्यंत आणि तिथून छकड्यानं टेंभरोळीला आला. आधी भिलाटीत गेला, मग भर उन्हाचा पाटलाच्या दारात उभा राहिला. कौतिक घरी नव्हता. वकिलानं पाणी मागितलं. तिनं गूळ-पाणी दिलं.

"अक्का, मला एकच विचारायचं आहे," तो म्हणाला. "सोमवारपासून तो चावडीत होता असं त्याची बायको म्हणते. तीन दिवस माणूस उपाशी राहत नाही. त्याला जेवायला कोणी घातलं?"

धुरपदाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं पदर पुढं ओढला. "आखो पानी देऊ का भाऊ?"

वकील हसला नाही की रागावला नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "समन्स पाठवतो. आलात तर जे पाहिलं तेवढंच सांगा. घरचा प्रश्न आहे, मला कळतं."

समन्स आलं ते पोलीस पाटलाच्याच हाती. गावात कोणावर कागद बजावायचा झाला की तो कौतिकमार्फत बजावला जाई. बाई माहेरी गेली, पत्ता लागत नाही, असा शेरा मारून तो परत धाडणं त्याच्या हातात होतं. दोन दिवस तो कागद त्यानं पागोट्याच्या घडीत ठेवला. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना त्यानं तो तिच्यापुढं, पिठाच्या परातीशेजारी ठेवला.

"तुना नावना शे."

तिनं कागदाकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी कळलं.

"परत धाडनार व्हतू," कौतिक म्हणाला. "आखो एक खोटं लिखाले हात उठना नही." मग, अगदी हळू, "पाटीलकी तीन पिढीनी शे वं. मन्हा आजानी पागोटी शे ही. तू काय सांगशी ते इचार करीसन सांग."

तव्यावरची भाकर करपली, ती तिनं काढून बाजूला ठेवली.

पुढच्या आठवड्यात जमादार येऊन गेला. ओसरीवर बसला, तंबाखू मळली, आणि दारातल्या तिला ऐकू जाईल असं कौतिकला म्हणाला, "पाटील, बाईमाणूस पिंजऱ्यात चढली की वकील काय काय विचारतात, ठाऊक आहे ना? भिलाच्या खोलीत एकटी कशाला जात होतीस, इथून सुरुवात होते." कौतिकची मान खाली गेली. धुरपदाबाई आत जाऊन जात्यावर बसली आणि दाणे नसतानाही तिनं जातं दोन-चार फेरे ओढलं.

धुळ्याला नवरा-बायको एकाच मोटारीतून गेली. तो सरकारचा साक्षीदार, ती आरोपीची. मोटारीत तो पुढं बसला, ती मागं बायकांत.

कौतिकची साक्ष आधी झाली. ती बाहेर व्हरांड्यात बसली होती, आतलं काही कळत नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो तिच्यासमोरून गेला आणि खांबाआड बसला. गुरुवार सांगितला असणार, हे तिनं त्याच्या चालण्यावरून ओळखलं. दुपारनंतर पट्टेवाल्यानं तिच्या नावाचा पुकारा केला. इतक्या मोठ्यानं आपलं नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती उठली तसा खांबाआडचा कौतिकही उठला आणि तिच्या मागोमाग आत येऊन भिंतीपाशी बसला.

पिंजऱ्याचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. समोर मॅजिस्ट्रेट, चष्म्यातून कागदावर बघणारा. बाजूला पुना, दोन शिपायांच्या मध्ये, पार वाळलेला. त्यानं हात कठड्यावर ठेवले होते. चिंध्या नव्हत्या आता. उजव्या हाताची दोन आणि डाव्या हाताची तीन बोटं वाकडी, ताठ राहिली होती. वाळल्या फांद्यांसारखी. तिनं ती पाहिली, आणि वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं बोलणं विसरली.

"आरोपीला चावडीत कधी आणलं?" उपासनीनं विचारलं.

"सोमवारले. न्याहारीना टाइमले."

कोर्टात चुळबुळ झाली. मॅजिस्ट्रेटनं मान वर केली. "बाई, नीट आठवून सांगा. वार कसा लक्षात राहिला?"

"जेवन मी लई जाये, साहेब. सोमवारना सांजले कळण्यानी भाकर अन् वांगानं भरीत. मंगळवारना सकायमा भाकर, मिरचीना ठेचा. सांजले आखो भरीत, सकायनं वांगं उरेल व्हतं. बुधवारले मी वावरमा गयथी, सकायमा भिकुबाईनी दिनं, सांजले मी दाय-भाकर लई गऊ." ती थांबली. "मंगळवारपाइन त्याले हातघाई खाता ये नही. मीच भरावू."

मॅजिस्ट्रेटचा टाक चालू होता. त्यानं विचारलं, "भरवत होतात? का?"

"त्याना हात देखा ना, साहेब."

मॅजिस्ट्रेटनं पुनाकडं पाहिलं. पुनानं हात मागं घेतले.

सरकारी वकील उठला. गोरा, जाड, घाई नसलेला माणूस. "बाई, चार दिवस तुमच्या घराशेजारी हा जुलूम चालला होता म्हणता. तुम्ही ऐकत होतात, पाहत होतात. मग तेव्हा कोणालाच कसं सांगितलं नाही? आत्ता तीन महिन्यांनी, वकिलानं सांगितल्यावर आठवलं?"

धुरपदाबाईनं पदर सावरला. भिंतीपाशी कौतिक होता. तिनं तिकडं पाहिलं नाही.

"कोनले सांगू, साहेब?" ती म्हणाली. "गावमा काही वाईट व्हयनं ते पोलीस पाटीलले सांगनं पडस. अन् पोलीस पाटील ते मन्हा घरमाच व्हता."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग कोर्टात नुसता पंख्याच्या दोरीचा करकर आवाज राहिला. सरकारी वकील खाली बसला. जमादारानं बजावलेला प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. आरोपी कागदावर दाखवलं त्याच्या तीन दिवस आधीपासून पोलिसांच्या ताब्यात होता, सबब त्याची कबुली विश्वासाला पात्र नाही, असं मॅजिस्ट्रेटनं लिहिलं. पुना सुटला. फौजदाराची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. तो तिथं वरच्या जागेवर गेला असंही लोक म्हणत होते. चंपालालची चांदी मिळाली नाही ती नाहीच. शेठनं परसातली भिंत दगडाची बांधून घेतली.

खोट्या तारखेवर सही केली म्हणून कौतिकला आधी कामावरून तहकूब केलं आणि मग काढलं. त्याचा चुलतभाऊ पितांबर पाटील झाला. दप्तर न्यायला तो आला, तेव्हा कौतिकनं एकेक वही स्वतः झाडून त्याच्या पिशवीत घातली. गुन्ह्यांची नोंदवही, फिरस्त्यांची वही, आणि ते छापील नियमांचं बुक. पितांबर गेल्यावर तो ओसरीवर बसला. चार दिवस धुरपदाबाईशी बोलला नाही. मारलं नाही, शिवी दिली नाही. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा. पाचव्या दिवशी म्हणाला, "उद्या नांगर मीच धरसू. सालदारले देवाले आते काही नही." पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं नांगर धरला. तळहाताला फोड आले. रात्री ती त्यांवर तेल लावायची आणि तो हात पुढं करून दुसरीकडं बघायचा.

गावानं तिला वाळीत टाकलं नाही, पण विहिरीवर ती आली की बायका गप्प व्हायच्या. नवऱ्याचं पागोटं कोर्टात उतरवलं, असं पितांबरची बायको वच्छलाबाई पाण्याची घागर उचलता उचलता बोलायची. त्या सगळ्यापेक्षा आपण एक माणूस तुरुंगातून सोडवला, हे ती मनाशी धरून होती. बाकी काही धरायला उरलं नव्हतं.

आषाढ लागला. एके दिवशी सुपात थोडी डाळ आणि गहू घेऊन ती भिलाटीत गेली. पुना सुटून आल्यापासून तिनं त्याला पाहिलं नव्हतं. तो कौतिकच्या घराकडं फिरकला नव्हता, आणि तिलाही जायचं धाडस होत नव्हतं.

तो झोपडीपुढं बसून शिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत होता. मंजुळा दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली होती. आता रोज तीच जायची. पुनानं तिला पाहिलं, उठून पोतं अंथरलं. "बस, अक्का."

ती बसली. सूप पुढं सरकवलं. तो पाती पायाच्या अंगठ्यात धरून तळव्यांनी आवळत होता. गाठ बसत आली की पाती सुटायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

"वकीलभाऊनी सांगं माले," तो म्हणाला. "तू कोर्टमा उभी राह्यनी म्हनीसन मी सुटनू. माले इतलं ऐकू उनं नही तठे. कानमा नुसतं घूं घूं व्हये."

एवढ्यासाठीच ती आली होती, हे तिला तेव्हा कळलं.

"अक्का, एक इचारू?"

"इचार ना."

पुना हातांकडं बघत होता. बोलणं जड नव्हतं, रागाचंही नव्हतं. शेतातलं काही विचारावं तसं. "सोमवारना सांजले तू भाकर लई उनी, तव्हय मनी बोटं बठ्ठी चांगली व्हतीत. मी सोताना हातघाई खादी. मंगळवारले सकायमा तू कोनले तरी सांगं अस्तं तं?"

उत्तर तिच्याजवळ होतं. तेच उत्तर, ज्यानं धुळ्याचा सरकारी वकील खाली बसला. ते तिच्या जिभेवर आलं. कोणाला सांगू, सांगायचा माणूस माझ्याच घरात होता. पण पुनाला ते सांगता येईना. भिकुबाई दारात येऊन विचारून गेली होती. फडातली माणसं संध्याकाळी तिच्याच दारावरून जात होती. धुळ्याची मोटार मिळते त्या पिंपळनेरची वाट दिवसाउजेडी मोकळी होती. मंजुळा तिच्या शेजारी वाकून गहू कापत होती आणि तिनं तिला सरळ विचारलं होतं.

पुना उत्तराची वाट पाहत नव्हता. तो पुन्हा पात्यांकडं वळला होता. गाठ आवळताना पाती परत सुटली आणि मातीत पसरली. धुरपदाबाईनं पुढं होऊन ती गोळा केली, बुडखा सारखा केला, आणि आवळायला हात घातला.

त्यानं झाडू हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे, अक्का," तो म्हणाला. "माले शिकनं शे."

ती पोत्यावर बसून राहिली. त्यानं पाती पायात धरली, तळवे जुळवले, आणि आवळायला सुरुवात केली.